दुनळीच्या पोटातली अक्षरं

“नाव तर कोरलंय त्यावर. मग अजून काय शोधायचं असतं?”

शेजारच्या घरातला मुलगा हे इतक्या सहज बोलून गेला की मी तेव्हा नुसती मान हलवली. मुलगा म्हणायचं एवढंच, पन्नाशी उलटलीय त्याची. पण ते वाक्य पुढे कितीतरी दिवस मला खटकत राहिलं. त्याचे वडील गेल्या हिवाळ्यात गेले. बर्फ वितळल्यावर तो घर आवरायला आला आणि गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरच्या मागे, जुन्या गोधडीत गुंडाळलेली दुनळी बंदूक त्याच्या हाती लागली. माझी सगळी नोकरी कारखान्यात मोजमाप करण्यात गेली हे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. कुणाच्या लॉनमोवरचा स्क्रू निघेना झाला किंवा कुणाला आजीच्या चांदीच्या चमच्यावरचा शिक्का वाचायचा असला की आमची बेल वाजते. तशी ती त्या शनिवारीही वाजली. जेवणाच्या टेबलावर मी वर्तमानपत्रं पसरली. “ही ब्याद इथे कशाला?” असं आतून ऐकू आलं, तिकडे मी सोयीस्कर दुर्लक्ष केलं. गोधडी उलगडली तसा जुन्या तेलाचा, ओल्या लाकडाचा आणि थोडा उंदरांचा असा मिश्र वास घरभर पसरला.

आधी लिव्हर अंगठ्याने बाजूला ढकलून बंदूक सांध्यात मोडली, म्हणजे उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना हे बघितलं, उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं. जुनी बंदूक हातात आली की सगळ्यात आधी हे, बाकी सगळं नंतर. दस्त्याला मुठीच्या जागी चीर गेलेली आणि ती कुणीतरी तांब्याच्या तारेने आवळून बांधलेली. नळ्यांवर तपकिरी गंज, पण खोल नाही. दोन्ही बाजूंना दोन घोडे, म्हणजे बार उडवणाऱ्या हातोड्या, मागे वळलेल्या शेपटीचे, दिसायला फार डौलदार. आणि उजव्या लॉकप्लेटवर, म्हणजे घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर, अक्षरं: अमेरिकन गन कं., न्यू यॉर्क. मुलाच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी की त्याचे पणजोबा वेल्स फार्गो या पार्सलं नेणाऱ्या कंपनीच्या घोडागाडीवर राखणदार होते आणि ही त्यांची बंदूक. वेल्स फार्गोच्या खऱ्या बंदुकांना लिलावात काय भाव येतो तेही तो शोधून आला होता. त्याच्या डोळ्यांतली ती चमक मला दिसत होती, आणि लॉकप्लेटवरचं नाव वाचल्यावर माझ्या पोटात का खड्डा पडला ते त्याला सांगावं की नाही हे मला कळत नव्हतं.

खरं तर बंदूक हा काही माझ्या घरातला विषय नव्हे. आजोळी, कुडाळच्या बाजूला, वरच्या वाडीतल्या एका घरी दुनळी होती. भाताला दाणा धरला की रानडुकरं उतरायची, मग रात्री कधीतरी एक बार ऐकू यायचा आणि आम्ही पोरं पांघरुणात आणखी आत सरकायचो. त्या बंदुकीला सगळे नुसतं ‘बाराची’ म्हणत, म्हणजे बारा बोअरची. कुठल्या कारखान्याची, कुठल्या सालची, हा प्रश्न कुणाच्या मनात आल्याचं आठवत नाही. विलायती आहे, एवढं पुरायचं. महत्त्व होतं ते परवान्याला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घेऊन यायचं. ती पावती देवघराच्या फळीवर ठेवलेली असायची आणि आम्हाला बंदुकीपेक्षा पावतीचीच भीती जास्त वाटायची. अमेरिकेत आल्यावर पाहिलं तर नोव्हेंबरात हरणांचा हंगाम सुरू झाला की ऑफिसातली निम्मी माणसं नारिंगी जाकिटं घालून रजेवर, आणि जेवणाच्या सुट्टीत गप्पा चालायच्या त्या आजोबांच्या इथाका दुनळीच्या नाहीतर चुलत्याच्या एल. सी. स्मिथ दुनळीच्या. मला त्या गप्पांतून शिकारीचा नाद लागला नाही. नाद लागला तो ठशांचा, शिक्क्यांचा, स्क्रूंचा. मोजमापातल्या माणसाला तोच लागायचा.

आमचा न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिमेचा हा भाग बाहेरच्यांना नायगाऱ्यामुळे आणि बर्फामुळे माहीत. पण बफलोहून थ्रूवे या महामार्गाला लागून पूर्वेकडे निघालं तर एकामागून एक दुनळीची गावं लागत जातात. आधी बटाव्हिया, बेकर गनचं. मग सिराक्यूज, एल. सी. स्मिथ आणि लफीव्हर अशा दोघांचं. तिथून उत्तरेला फाटा घेतला तर ऑस्विगो नदीवरचं फुल्टन, दक्षिणेला वळलं तर इथाका, आणि सरळ पुढे गेलं तर मोहॉक नदीच्या काठी इलियन, रेमिंग्टनचं. या गावांचे संबंधही एखाद्या एकत्र कुटुंबासारखे गुंतागुंतीचे. विल्यम बेकर नावाचा कारागीर सिराक्यूजमध्ये लायमन (म्हणजेच एल. सी.) स्मिथसाठी बंदूक घडवतो, मग त्याच स्मिथचा भाऊ लिरॉय याच्याबरोबर इथाकात कारखाना उभारतो, मग स्वतःच्या भावाबरोबर तिसरीकडे हात घालतो आणि तो धंदा शेवटी बटाव्हियात जाऊन स्थिरावतो. डॅन लफीव्हर स्वतःच्याच नावाच्या कंपनीतून बाहेर पडतो आणि पुन्हा स्वतःच्याच नावाने दुसरी काढतो. पहिली पुढे इथाकावाल्यांनी विकत घेतली. म्हणजे ‘लफीव्हर’ हे नाव वाचून कुठला लफीव्हर हे कळेलच असं नाही. आणि लायमन स्मिथ? त्याने १८९० च्या सुमारास बंदुकांचा सगळा पसारा फुल्टनच्या हंटर बंधूंना विकून टाकला आणि टंकलेखन यंत्रांच्या मागे लागला. हंटर बंधूंनी बंदुकीवरचं एल. सी. स्मिथ हे नाव पुढे पन्नासेक वर्षं तसंच चालू ठेवलं. त्या बंदुकीच्या नळ्या बंद ठेवणारी कडी ज्याने शोधली त्या अलेक्झांडर ब्राउनचंच डोकं स्मिथच्या टाइपरायटरमागेही होतं.

टाइपरायटरचं निघालं म्हणून सांगतो. पहिल्यांदा इलियनला गेलो तेव्हा मला सारखी आठवत होती ती माझी थोरली बहीण. सरकारी नोकरीसाठी ‘मराठी तीस’ची परीक्षा द्यायची म्हणून ती रोज संध्याकाळी तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जायची. खटखटाट करणाऱ्या रेमिंग्टनवर बसून यायची आणि जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालवायची. मराठीत टंकणाऱ्या कितीतरी जणांच्या बोटांत ती रेमिंग्टनची कळरचना अजून आहे. त्या कंपनीने आपला पहिला टाइपरायटर याच इलियनमध्ये १८७३-७४ च्या सुमारास बनवायला घेतला, आणि अगदी त्याच वर्षांत, त्याच आवारात, व्हिटमोरच्या पेटंटची घोड्याची दुनळीही बनायला लागली. त्या दुनळीची लिव्हर अंगठ्याने बाजूला सारायची नसते, वर उचलायची असते. तशी फार कमी जणांची, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. नंतर १८८२ च्या आणि १८८९ च्या मॉडेलमध्ये लिव्हर इतरांसारखीच आडवी फिरू लागली. २०२४ साली इलियनचा कारखाना बंद झाला. इथाकाचा तर त्याआधीच पाडला, चिमणी तेवढी राखली. चाचणीसाठी वर्षानुवर्षं झाडलेल्या छर्र्यांचं शिसं धबधब्याखालच्या मातीत इतकं मुरलेलं होतं की केंद्राच्या पर्यावरण खात्याला येऊन ती माती उपसावी लागली. इथाकातल्या कॉर्नेल विद्यापीठात मुलांना सोडायला येणारी आपल्याकडची कुटुंबं त्या धबधब्यासमोर उभी राहून फोटो काढतात. मीही काढलाय.

असो. टेबलावरच्या बंदुकीकडे येतो.

फोरएंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढला, नळ्या सांध्यातून सोडवल्या आणि उपड्या केल्या. जुन्या दुनळीचं खरं बोलणं इथे असतं. वरून जी दिसते ती नक्षी, ते नाव, ते कुत्र्याचं नाहीतर बदकाचं चित्र, हे सगळं गिऱ्हाइकासाठी. नळ्यांच्या मागच्या टोकाला खालून सपाट केलेली जागा आणि त्याखाली येणारा चौकटीचा सपाट भाग एकमेकांवर टेकलेले असतात. तिथे उजेड जात नाही, हात जात नाही, म्हणून तिथले ठसे कोरे करकरीत राहतात. ते ठसे कामगारांनी कामगारांसाठी मारलेले. पार्कर या नामांकित अमेरिकी कारखान्याच्या बंदुकीत नळ्यांच्या पोटावर त्यांचं घासण्याआधीचं वजन मारलेलं सापडतं, पौंड मोठ्या आकड्यात आणि औंस शेजारी वर, बारीक. ते पाहिलं की मला कोण जाणे का, त्या माणसाचा हात दिसतो. आणि बंदूक युरोपातून आलेली असेल तर तिथे कायद्याने नेमलेल्या चाचणीघराचे शिक्के दिसतात, कारण तिकडे प्रत्येक नळी जास्तीची दारू भरून उडवून बघितल्याशिवाय विकता येत नसे. बर्मिंगहॅमचे मुकुटाखाली बी.पी. आणि बी.व्ही. चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या, काही इंग्रजी नळ्यांवर तर ‘नॉट फॉर बॉल’, एकसंध गोळी झाडू नये, अशी तंबीच ठोकलेली असते. ती १८७५ ते १८८७ एवढ्याच काळातली, म्हणजे साल जवळजवळ आयतं हातात. बेल्जियममधल्या लिएजचा लांबट वर्तुळातला ई.एल.जी. हा तर अमेरिकेतल्या निम्म्या गॅरेजांत दडलेला असावा. त्या वर्तुळावर मुकुट असेल तर बंदूक १८९३ नंतरची, नसेल तर आधीची. शेजारी वर्षाचं अक्षर असेल तर १९२२ नंतरची.

अमेरिकेत असं कायद्याने नेमलेलं चाचणीघर कधी नव्हतंच. त्यामुळे नळीच्या पोटावर शिक्का नसणं हाही एक पुरावा ठरतो. आमच्या टेबलावरच्या बंदुकीच्या पोटावर मुकुट नव्हता, वर्तुळ नव्हतं. एक अनुक्रमांक, तोच चौकटीवर, तोच फोरएंडच्या लोखंडावर. म्हणजे तिन्ही भाग जन्मापासून एकत्र. वाटलं, चला, एवढं तरी चांगलं निघालं. पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. “अमेरिकन आहे,” मी म्हटलं. “अर्थातच! नावच आहे की,” तो म्हणाला.

त्याला नळ्या दमास्कसच्या वाटत होत्या. गंजाने तसे पट्टे पडलेही होते. खरी दमास्कस नळी मी पहिल्यांदा एका जत्रेवजा बंदूक प्रदर्शनात हातात घेतली आणि तिची किंमत विचारायचीही विसरलो. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या आलटून पालटून रचायच्या, तापवून त्यांची एक दांडी करायची, ती दांडी पिळायची. अशा पिळलेल्या दांड्या शेजारी शेजारी जोडून फीत करायची आणि ती फीत लोखंडी गजाभोवती वेटोळ्यांनी गुंडाळत, तापवत, घणाखाली जोडत जायची. मग आतून कोरायची, बाहेरून घासायची, शेवटी आम्लाने खुलवायची. तेव्हा ते बारीक वळवळते भोवरे नळीभर उमटतात. लिएजजवळच्या व्हेस्ड्र नदीच्या खोऱ्यातली खेडीच्या खेडी या कामावर जगत होती. अमेरिकी कारखानेही, अगदी पार्करसारखे मातब्बरसुद्धा, या नळ्या बहुतेक तिथूनच आणवत. १९१४ मध्ये जर्मन सैन्य लिएजमध्ये शिरलं आणि हा पुरवठा तुटला तो तुटलाच. तोवर धूर न करणाऱ्या नव्या दारूपुढे एकजिनसी पोलादाच्या नळ्यांनी बाजी मारलेली होतीच. पण लोकांच्या डोळ्याला भोवऱ्यांची सवय लागलेली. म्हणून स्वस्तातल्या साध्या पोलादी नळ्यांवर नुसतं आम्लाने खोटं दमास्कस काढून त्या विकल्या गेल्या. दिसायला सुरेख, घासलं की गायब. फोरएंडखालच्या झाकल्या जागेत मी बारीक पोलादी लोकर थोडी फिरवली. भोवरे खरेही नव्हते आणि खोटेही नव्हते. निव्वळ गंज होता. त्याच्याखालून आडवी अक्षरं वर आली: जेन्युइन आर्मरी स्टील.

मग मात्र शंका उरली नाही. अमेरिकन गन कंपनी, न्यू यॉर्क.

अशी कंपनीच नव्हती.

होता तो क्रेसेंट फायर आर्म्सचा कारखाना, कनेटिकटमधल्या नॉर्विच गावात, १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेला. न्यू यॉर्कच्या एच. अँड डी. फॉल्सम या घाऊक व्यापाऱ्यांनी तो लवकरच ताब्यात घेतला. आपल्याकडे मॉलमध्ये जशी दुकानाच्या स्वतःच्या नावाची बिस्किटं मिळतात आणि ती भाजलेली असतात भलत्याच बेकरीत, तसा हा सगळा मामला. गावोगावच्या हार्डवेअरवाल्याने ऑर्डर द्यायची आणि लॉकप्लेटवर काय छापायचं ते सांगायचं. शिकागोच्या हिबर्ड, स्पेन्सर, बार्टलेटसाठी ‘स्पेन्सर गन कं.’, सेंट लुइसच्या शॅपलीसाठी ‘डायमंड आर्म्स’, नॅशव्हिलच्या ग्रे अँड डडलीसाठी ‘हर्मिटेज’. नावांची यादी शेकड्यांत जाते आणि संग्राहक तिच्यात अजून भर घालत असतात. ‘अमेरिकन गन कं.’ हे फॉल्समवाल्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं नाव, म्हणजे त्यातल्या त्यात घरचं. बेल्जियमवाल्यांनी तर याच्याही वरताण केली. इंग्लंडच्या वेस्टली रिचर्ड्‌सचं नाव मोठं, म्हणून त्यांनी नुसतंच ‘डब्ल्यू. रिचर्ड्‌स’ कोरून जहाजंच्या जहाजं भरून इकडे पाठवली. आपला आणा-दोन आण्यांचा माल विलायती दिसावा ही हौस फक्त आपल्याकडची, असा माझा एक समज होता. तो इथे येऊन गेला.

आता साल. जुन्या बंदुकीचं साल विचारणारा माणूस बहुतेक वेळा पेटंटची तारीख बोटाने दाखवतो. ती तारीख खालची मर्यादा सांगते, वरची नाही. १८७५ चं पेटंट वीस वर्षांनंतरच्या बंदुकीवरही आरामात बसलेलं असतं. मग बाकीच्या गोष्टी जुळवत जायचं. बंदूक मोडायला काय करावं लागतं? पार्करच्या सुरुवातीच्या बंदुकांना चापाच्या कड्यापुढे खालून दाबायचा खटका असे, वरची लिव्हर १८८० च्या दशकात आली. फोरएंड पाचरीने अडकवलाय की नुसता ओढला की सुटतो? घोडे नजरेच्या रेषेत मध्येच उभे राहतात की खाली दबलेले आहेत? घोडा आपटल्यावर तिथेच टेकून राहतो की जरासा मागे उसळतो? उसळणारा असेल तर आधीच्या पिढीतली नाही. नळी गुंडाळलेली की एकजिनसी? यातलं एकेक लक्षण वेगळं काढलं तर काहीच सिद्ध होत नाही, कारण स्वस्त माल बनवणारे जुनी पद्धत फॅशन गेल्यावरही तीस-तीस वर्षं रेटत. पण चार-पाच गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवायला लागल्या की माणूस धीर करून बोलू शकतो. आणि साल हा निव्वळ हौसेचा प्रश्न नाही. इथल्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक ‘पुराणवस्तू’, त्यानंतरची बंदूक म्हणजे बंदूक. त्या एका वर्षाच्या अलीकडे-पलीकडे किमती बदलतात, कागदपत्रं बदलतात आणि विकणाऱ्याचा आवाजही बदलतो. प्रदर्शनांत दर दुसऱ्या टेबलावर ‘१८९८ पूर्वीची’ अशी चिठ्ठी कशी काय लटकते, याचं मला आता नवल वाटत नाही. क्रेसेंटच्या नोंदवह्या मात्र उरलेल्या नाहीत. १९३० मध्ये ती कंपनी डेव्हिस-वॉर्नरमध्ये मिसळली, लगेच ते दोन्ही मिळून स्टीव्हन्सच्या पोटात गेले आणि वह्या त्या गडबडीत कुठेतरी संपल्या. त्यामुळे अनुक्रमांक हातात असूनही साल मिळत नाही. माझा अंदाज मी सांगितला: १९०० ते १९२० च्या मधली कधीतरी.

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे घोडागाडी नाही.”

हे वाक्य ऐकायचं मला टाळायचं होतं. नळ्या मोजल्या तर तीस इंच भरल्या. गाडीवरच्या राखणदाराला एवढं लांब लफडं कशाला? वेल्स फार्गोची म्हणून जी खरी बंदूक असते ती आखूड, आणि तिच्यावर कंपनीची आद्याक्षरं आणि आकडा असतो. तीच आद्याक्षरं नंतर कुणीतरी घरच्या घरी ठोकलेल्या बंदुकाही इतक्या फिरत असतात की खऱ्या शिक्क्याकडेसुद्धा जाणकार आधी संशयाने बघतात. आमच्या बंदुकीवर खोटाही शिक्का नव्हता, हे मला त्या कुटुंबाच्या बाजूने बोलणारं वाटलं. विकायची असती तर कुणीतरी एव्हाना ठोकला असता.

पण इथेच मला थांबवेना. वेल्स फार्गो म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ॲरिझोनाचं वाळवंट आणि धूळ उडवत येणारी गाडी उभी राहते. ती कंपनी मुळात निघाली १८५२ साली न्यू यॉर्कमध्ये. विल्यम फार्गो पुढे आमच्या बफलोचा महापौर होता, हेन्री वेल्सने केयुगा तळ्याकाठी मुलींसाठी कॉलेज काढलं होतं. १८८८ मध्ये त्यांना ईरी रेल्वेवर पार्सलं नेण्याचं काम मिळालं आणि तेव्हापासून त्यांची माणसं आमच्या या दक्षिणेकडच्या गावांमधून, मालडब्यात तिजोरीशेजारी बसून, रात्री-अपरात्री जात होती. ते पहिल्या महायुद्धापर्यंत चाललं. १९१८ मध्ये सरकारने सगळ्या पार्सल कंपन्या एकत्र केल्या तेव्हा वेल्स फार्गोचं हे काम थांबलं. म्हणजे घोडागाडी नसेल, रेल्वेचा डबा असू शकतो. पणजोबा ईरीवर होते का, हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. पण हॉर्नेल हे नाव घरात येत असे, एवढं त्याला आठवलं, आणि हॉर्नेल म्हणजे ईरीचं मोठं ठाणं. मी काही सिद्ध केलं नाही. बंदूक कंपनीची नाही, हे नक्की. माणूस कंपनीचा नव्हता, हे मला म्हणता येईना.

मग मी त्याला घोड्यांकडे नीट बघायला सांगितलं. अंगठा घसरू नये म्हणून घोड्याच्या शेपटीवर बारीक चौकड्या कोरलेल्या असतात. डाव्या घोड्यावर त्या अजून बोटाला खरखरीत लागत होत्या. उजव्यावर पार झिजून गुळगुळीत झालेल्या. पुढचा चाप उजव्या नळीचा, माणूस आधी तो ओढतो. डाव्याची पाळी आली तरच येते. या घरातल्या कुणीतरी, एकाने किंवा दोघा-तिघांनी, वर्षानुवर्षं बहुतेक वेळा एकाच बारात काम भागवलं होतं. मुलाने स्वतःचा अंगठा त्या गुळगुळीत जागेवर ठेवला, घोडा अर्धा ओढला आणि पुन्हा हळूच खाली सोडला. “बाबा बदकं मारायचे,” तो म्हणाला. “दुसरी गोळी वाया गेली की आजोबा ओरडायचे म्हणे.” बाबांनी ही बंदूक कधी वापरली होती हेच त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्यासमोर ती नेहमी वेल्स फार्गोचीच होती.

याच्या अगदी उलट माणूस मी एकदा पाहिलाय. त्याच्याजवळ पार्करची घोड्याची बंदूक होती, ऐन भरातली, काळ्याभोर अक्रोडाचा दस्ता, नळ्यांवर लहरींवर लहरी. पार्करच्या जुन्या वह्या बऱ्याचशा शिल्लक आहेत, त्यांच्या संग्राहकांची संस्था अनुक्रमांकावरून त्या धुंडाळून रीतसर पत्र देते. त्या माणसाने ते पत्र काचेत बसवून टेबलावर ठेवलं होतं. ऑर्डर कधी आली, कुणी दिली, दस्त्याचा उतार किती हवा होता, माल कधी रवाना झाला, सगळं त्यात. मी विचारलं, मूळ मालक कोण होता? त्याने पत्रातलं नाव वाचून दाखवलं. मग? मग काही नाही. त्याने ती लिलावात घेतलेली, त्याच्या आधीच्यानेही लिलावातच. एवढी सुंदर वस्तू मी क्वचित पाहिली असेल. पार्करची स्वस्तातली स्वस्त बंदूकसुद्धा १९०० च्या सुमारास पन्नास डॉलरपासून सुरू होई. त्या काळी दुकानाच्या नावाची घोड्याची दुनळी डाकेने दहा-पंधरा डॉलरच्या आसपास घरपोच मिळत असे, आणि रोजंदारीवरच्या माणसाला तेच परवडत असे. संग्राहक क्रेसेंटला ‘शेतकऱ्याची बंदूक’ म्हणून नाक मुरडतात. मला उलट तिच्याबद्दलच जास्त ऐकावंसं वाटतं, आणि तिच्याबद्दलच काही लिहून ठेवलेलं नसतं. हा माझा पक्षपात आहे, कबूल.

जाता जाता त्याने विचारायचं ते विचारलंच: उडवता येईल का? नळीच्या आत दिवा धरून मी काही ठरवू शकत नाही, आणि कुणी ठरवतो म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. नळीची जाडी आतून-बाहेरून मोजायला वेगळी साधनं लागतात. त्या काळातल्या कित्येक बंदुकांची काडतुसाची खोली आजच्या पावणेतीन इंची काडतुसापेक्षा आखूड असते. काडतूस आत जातं बिनतक्रार, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच चढतो. शिवाय चाळीस वर्षं गोधडीत पडलेल्या कमानी. मी त्याला गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला आणि तोवर काडतूस घरात आणू नको म्हणून बजावलं. तारेने बांधलेला दस्ता तसाच ठेव, हेही सांगितलं. नवा बसवला तर भाव वाढेल की कमी होईल, असं त्याने विचारलं. भाव मुळातच फारसा नाही, हे तोवर दोघांनाही कळलेलं होतं, त्यामुळे आम्ही दोघेही हसलो.

मला वाटलं प्रकरण संपलं. पण अशा गोष्टी कुटुंबात पसरतात. परवा त्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या चुलत बहिणीचा मेसेज आला, सोबत लॉकप्लेटचा फोटो आणि चार-पाच उद्गारचिन्हं. तिच्या आजोबांची दुनळी तिने माळ्यावरून काढली होती आणि ती म्हणे चक्क पार्कर आहे! फोटो मोठा करून बघितला. घासून घासून अक्षरं बसलेली, पण पहिलं अक्षर टी आणि मग टिंब, हे नीट दिसत होतं. त्यापुढच्या अक्षराचा वरचा गोल शाबूत आणि खालचा झिजलेला. पार्कर नव्हे, बार्कर. टी. बार्कर, डाकेने माल विकणाऱ्या सिअर्सच्या कॅटलॉगमधलं असंच एक दुकानाचं नाव. हे तिला लगेच लिहावं असं वाटलं, बोटं कळांवर गेलीही होती. मग एवढंच लिहिलं: “आत काडतूस नाही ना, ते आधी बघा. मग नळ्या सोडवून त्यांच्या पोटाचा फोटो पाठवा. खिडकीजवळ, दिवसाउजेडी. फ्लॅश नको.”